पोहे थांबत नाहीत: खिडकीच्या उजेडात फूड स्टायलिंग शिकताना

कढईतून बशीत आलेले कांदेपोहे माझ्या हिशेबाने चार-पाच मिनिटं देखणे राहतात. मग वाफ निघून जाते, वरचे पोहे कोरडे पडतात, कोथिंबीर मान टाकते आणि खोबरं हळद पिऊन पिवळट होतं. हे समजायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर माझी पद्धत अशी होती: पोहे करायचे, बशीत घालायचे आणि बशी हातात घेऊन उजेड शोधत घरभर फिरायचं. टेबल ओढायचं, बरा कपडा शोधायचा, कपड्याला इस्त्री नाही म्हणून दुसरा शोधायचा. फोटो काढेपर्यंत पोह्यांतला जीव गेलेला असायचा. मग त्यावर फिल्टर लावायचे.

फूड स्टायलिंग म्हणजे फोटोसाठी पदार्थ मांडणं, आणि ते शिकल्यावर आता क्रम उलटा आहे. उजेड, पार्श्वभूमी, भांडं, कॅमेऱ्याची चौकट सगळं आधी पक्कं करायचं आणि पदार्थ सर्वांत शेवटी आणायचा. पुढे जे लिहिलंय तेही याच क्रमाने आहे. फोन पुरेसा आहे, महागडा कॅमेरा नसला तरी अडत नाही.

आधी खिडकी ठरवा

घरातली अशी एक खिडकी निवडा जिच्यातून थेट ऊन आत येत नाही. उत्तरेची असेल तर बहुतेक वर्षभर काम भागतं. मे ते जुलैमध्ये आपल्याकडे सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकतो, तेव्हा तिथेही सकाळ-संध्याकाळ ऊन डोकावतं, इतकंच. पूर्व-पश्चिमेची खिडकी असेल तर ऊन नसलेली वेळ पाहा, किंवा खिडकीला पांढरं मलमल लावा. जुनं पातळ धोतर उत्तम चालतं. स्टेशनरीच्या दुकानातला मोठा बटर पेपर चिकटवला तरी चालतो. उन्हाची धारदार सावली मऊ झाली की पदार्थाचा पोत दिसायला लागतो. पावसाळ्यात हे काम ढग फुकटात करून देतात, फक्त उजेड कमी असतो म्हणून फोन स्टँडवर ठेवावा लागतो.

खोलीतले सगळे दिवे बंद करा. याला अपवाद नाही. दिवसाच्या उजेडात निळसर झाक असते आणि पिवळ्या बल्बमध्ये नारिंगी. दोन्ही एकत्र पडले की भाताची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते, आणि कोणतंही ॲप ते धड सोडवू शकत नाही.

टेबल खिडकीपासून हात-दीड हातावर ठेवा. आता ताट म्हणजे घड्याळ आहे आणि तुम्ही सहाच्या आकड्यावर उभे आहात असं समजा. खिडकी नऊवर असेल तर उजेड बाजूने येतो. थालीपीठ, भाकरी, चिवडा अशा कोरड्या, खडबडीत पदार्थांना तो मानवतो. खिडकी दहा-अकराच्या मध्ये असेल तर उजेड मागून येतो. रस्सा, तूप, तर्री, सरबत अशा ओल्या पदार्थांवर त्यामुळे चमक येते. खिडकी सहावर, म्हणजे तुमच्या पाठीशी, कधीच नको. पदार्थ सपाट दिसतो, शिवाय तुमचीच सावली त्यावर पडते.

खिडकीच्या समोरच्या बाजूला, तीन-चारच्या आकड्यावर, थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा कार्डशीट उभा करा. अंधाऱ्या बाजूला त्याने थोडा उजेड परततो. तो जवळ-लांब करून सावली किती गडद हवी ते ठरवता येतं. पिठल्यासारखा सपाट पदार्थ असेल तर त्याच जागी काळा कार्डशीट ठेवून बघा. सावली गडद होते आणि पदार्थाला उठाव येतो. हे दोन कार्डशीट माझ्या सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरलेले आहेत.

भांडी, आणि स्टीलचा छळ

आपल्या घरात स्टील, आणि स्टील म्हणजे आरसा. माझ्या सुरुवातीच्या एका फोटोत वरणभाताच्या ताटाच्या काठावर माझा फुलाफुलांचा गाऊन स्पष्ट दिसतो. स्टील वापरायचंच असेल तर ते समोर काय बघतंय याचा विचार करा. त्याच्यासमोर जे असेल ते त्यात उमटणार. म्हणून समोर मोठा पांढरा कागद धरा, स्टील शांत होतं. अंगात पांढरा किंवा काळा साधा कपडा असू द्या. चकचकीत नव्या ताटापेक्षा वर्षानुवर्षं घासलेलं ताट बरं, त्याची झळाळी मवाळ झालेली असते.

पितळ, कासं, काळा दगडी खल, मातीचं भांडं, केळीचं पान ही मंडळी कॅमेऱ्यासमोर जास्त समजूतदार. एक मात्र सांभाळा: कल्हई नसलेल्या पितळी वाटीत आमटी, सोलकढी, ताक असं आंबट काही घालून ते नंतर पिऊ नका. फोटोनंतर पदार्थ पोटातच जायचा असतो.

भांडी लहान घ्या. रोजच्या जेवणाच्या ताटात एका माणसाचे पोहे हरवून जातात, नाश्त्याच्या छोट्या बशीत तेच भरगच्च दिसतात. पुण्यात तुळशीबाग आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार इथे एकेकटी जुनी वाटी, कुठलं तरी झाकण, गंजका ट्रे मिळतो. आपल्याला सहाचा सेट नको असतो, एक नग पुरतो.

पार्श्वभूमीला पाट, पॉलिश न केलेली कडप्पा फरशी, घोंगडी, धुवट सुती कपडा चालतो. खण आणि इरकल मला मनापासून आवडतात, पण ताटाखाली संपूर्ण पसरले की डोळा काठावरच अडकतो. घडी करून कोपऱ्यात एक पट्टी दिसू द्या, पुरे.

डमी ताट

हा टप्पा नवीन माणूस हमखास गाळतो, आणि वेळ नेमका इथेच वाचतो. खरा पदार्थ गॅसवर असताना त्याच्या जागी एक डमी ठेवायची. पोह्यांसाठी मी कालचा उरलेला भात बशीत घालते, मिसळीसाठी वाटीत रंगीत रुमाल कोंबते. त्यावर चौकट बसवायची, कार्डशीट हलवून बघायचे, लिंबाची फोड कुठे आणि पाण्याचा पेला कुठे ते ठरवायचं. जागा ठरल्या की बशीच्या कडेला टेबलावर चिकटपट्टीचे दोन छोटे तुकडे लावायचे, म्हणजे खरी बशी नेमकी तिथेच येते.

चौकटीचा कोन पदार्थाच्या उंचीवर ठरतो. पोळी, थालीपीठ, पूर्ण ताट अशा सपाट गोष्टी बरोबर वरून. वाटीतल्या गोष्टी साधारण ४५ अंशांतून, म्हणजे जेवायला बसलेला माणूस बघतो तसं. वडापाव, मोदक, पियूषचा पेला अशा उभ्या गोष्टी जवळजवळ त्यांच्याच पातळीवर खाली वाकून. फोन पदार्थाच्या अगदी जवळ नेला तर वाटीचा काठ फुगून वाकडा दिसतो. दोन पावलं मागे जा आणि झूम २ एक्स करा. स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो, मग प्रत्येक फोटोत रंग बदलत नाही.

हाताशी काय हवं

लांब चिमटा, मेडिकलच्या दुकानातली सुई नसलेली सिरिंज, पाणी फवारायची छोटी बाटली, रंगकामाचे दोन नवे ब्रश, कान साफ करायच्या काड्या, टूथपिक, टिश्यू, छोटी कात्री. काड्या बशीचा काठ पुसायला, सिरिंज रस्सा हव्या त्या जागी सोडायला, ब्रश तेल लावायला. यापलीकडे पहिल्या वर्षात काही विकत घेऊ नका.

पोहे

खायला करतो त्यापेक्षा किंचित मोकळे करायचे. जाडे पोहे, पाणी थोडं कमी, वाफ एक मिनिट कमी. गचका झालेले पोहे चिमट्यानेही सुटत नाहीत. दाणे वेगळे तळून बाजूला ठेवा, कढईत पोह्यांत गेले तर हळदीने माखतात आणि दिसेनासे होतात. कांदाही थोडासा वेगळा परतून ठेवते.

कोथिंबीर वीस मिनिटं आधी बर्फाच्या पाण्यात टाकायची. मरगळलेल्या पानात पाणी भरलं की ती ताठ होते. मग टिश्यूवर कोरडी करून चिरायची नाही, कात्रीने छोटी छोटी पानं तोडायची. सुरीखाली चिरडलेली कोथिंबीर काळपट होते.

आता पोहे बशीत. चमच्याने दाबायचं नाही, हाताने वरून सोडायचे, मध्ये उंच आणि एका बाजूला थोडे ओघळलेले. चिमट्याने सात-आठ दाणे, पण सारख्या अंतरावर नको. हाताने टाकले तर तीन एकत्र पडतात आणि एक लांब जातो, तसंच ठेवा. मग खोबरं आणि शेवटी कोथिंबीर. ब्रशने वरच्या चार-दोन पोह्यांना तेलाचा स्पर्श. बशीचा काठ पुसा आणि फोटो. लिंबाची फोड शेजारी असू द्या, पण पिळू नका. आंबटाने हिरवा रंग मळकट होत जातो आणि पोहे ओले होऊन बसतात.

रंगाबद्दल एक गोष्ट इथेच. हळद आंबटात पिवळी राहते, सोडा किंवा साबण लागला की लालसर होते. ढोकळ्यावर लाल ठिपके किंवा भजी तांबूस दिसली तर सोडा जास्त झालाय. ते फोटोत सुधारत बसू नका, पीठ नव्याने भिजवा.

मिसळ

मिसळीत तीन गोष्टी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असतात. मटकी बुडते, फरसाण मऊ पडतं, तर्री निवली की मंद दिसते. म्हणून तिघींना वेगळं ठेवायचं. कट उकळून थोडा वेळ स्थिर होऊ द्या, तेल वर येतं. ते पळीने हलकेच काढून छोट्या वाटीत ठेवा आणि वापरण्याआधी गरम करा.

बशीत आधी उसळ, पाणी निथळून. कडेने थोडा कट, मटकीचे दाणे डोकं वर काढून राहतील इतकाच. इथपर्यंत घाई नाही. यानंतर मात्र मिनिटं मोजायची: फरसाण मध्ये उंच, त्यावर कांदा, कोथिंबीर, आणि सिरिंजने तर्री काठाकाठाने सोडायची. फरसाणावर टाकली तर ते लाल चिखल होतं. पाव आधीपासून उघडा ठेवू नका, ओल्या कपड्यात गुंडाळा. फाडलेल्या पावाची कापसासारखी बाजू कॅमेऱ्याकडे करा.

मटकी वर राहावी म्हणून बशीत छोटी वाटी उपडी घालायची युक्ती तुम्हाला कुणीतरी शिकवेलच. मीही सुरुवातीला केली आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत हेच झालं होतं. भाज्या वर दिसाव्यात म्हणून सूपच्या भांड्यात काचेच्या गोट्या टाकून फोटो काढले गेले, तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तक्रार उचलली आणि १९७० मध्ये कंपनीला अशा जाहिराती न करण्याचं मान्य करावं लागलं. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणारी जाहिरात हा दोष मानतो, आणि अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांसाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१८ चे नियम वेगळे आहेत. घरच्या सरावात वाटी उपडी घाला हवी तर. पण हॉटेलचा मेन्यू किंवा डिलिव्हरी ॲपसाठी काम करत असाल तर उथळ, पसरट बशी घ्या, कट कमी ओता. मटकी तशीही वर राहते आणि गिऱ्हाईकाला तेच मिळतं. एका हॉटेलवाल्याने मला दोन माणसांची उसळ एका प्लेटमध्ये भरायला सांगितली होती. मी भरली, पैसे घेतले, आणि ते फोटो आजवर कुणाला दाखवलेले नाहीत.

उकडीचे मोदक

पांढऱ्यावर पांढरं असल्याने हे शिकण्यासाठी उत्तम आणि छळण्यासाठीही. कॅमेरा दिसेल ते मध्यम करड्याकडे ओढतो, म्हणून मोदक राखाडी येतात. फोनवर फोकस लावून स्क्रीनवरचं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा, कॅमेरा असेल तर एक्स्पोजर +०.७ ते +१ करून उजेड वाढवा. खाली हिरवं केळीचं पान किंवा हळदीचं पान ठेवलं की पांढरा रंग पांढरा वाटतो. पांढऱ्या बशीत ठेवून स्वतःवर सूड उगवू नका.

अकरा मोदक केले तर त्यांतला कळ्या सर्वांत सुबक असलेला एक पुढचा, म्हणजे नायक. दुसरा फोडून आतलं सारण दाखवायला. बाकीचे मागे थोडे अंधुक. बाहेर काढल्यावर हवेत उकड कोरडी पडून तडकते, म्हणून फोटोपर्यंत ओलं फडकं झाकून ठेवा आणि शेवटी ब्रशने पातळ तूप लावा.

केशराची काडी चिमट्याने अगदी शेवटी, कारण ओल्या उकडीवर ती लगेच रंग सोडायला लागते. पहिल्या थोड्या वेळात आलेली नारिंगी झाक सुंदर असते, नंतर डाग वाटतो. तुपाची धार टिपायची असेल तर तूप कोमट हवं. कडकडीत तूप पाण्यासारखं पळतं, थिजलेलं गोळ्याने पडतं. एकाने छोट्या पळीने वीतभर उंचीवरून धार सोडायची, दुसऱ्याने बटण दाबून धरायचं. एकट्याने हे करायला जाऊ नका, मी फोन तुपात घातलाय.

पिठलं-भाकरी, आणि पिवळा-तपकिरी कुळाचार

आपले निम्मे पदार्थ पिवळे किंवा तपकिरी आणि पसरट. आमटी, पिठलं, झुणका, पुरण. त्यांना देखणं करायचं ते पोत आणि फोडणी वापरून. पिठलं वाटीत घालून चमच्याच्या पाठीने मध्ये एक आळं करा आणि लसणाची, लाल मिरचीची फोडणी त्या आळ्यात कॅमेरा तयार असताना ओता. मागून आलेला उजेड तेलावर पकडला जातो. शेजारी कांदा, सुरीने कापलेला नको, बुक्की मारून फोडलेला. त्याच्या वेड्यावाकड्या पाकळ्या कुठल्याही कोरीव काकडीपेक्षा छान दिसतात. भाकरीचा पापुद्रा एका बाजूने उचलून ठेवा, आतली हवा दिसली पाहिजे.

वाफ हवी असेल तर मागून उजेड आणि मागे गडद रंग दोन्ही लागतात, नाहीतर ती असूनही दिसत नाही. पंखा बंद. अगरबत्तीचा धूर वाफ म्हणून खपवू नका, त्याची दोरी वेगळी उठते आणि भाकरीला मोगऱ्याचा वास लागतो.

सोलकढी थोडा वेळ थांबली की नारळाचं दूध वर आणि गुलाबी पाणी खाली होतं. पेल्यात ओतण्याआधी ढवळा आणि लगेच टिपा. थंड पेल्यावरचे थेंब टिकावेत म्हणून पेल्याच्या बाहेरून ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात फवारतात. तो पेला मग पिण्यासाठी द्यायचा नाही, वेगळा ठेवायचा.

पूर्ण ताट

इथे मला नवीन काही शिकवायचं नाही, कारण आपल्याकडे रचना आधीच ठरलेली आहे. पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे. मीठ वर मध्यभागी. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण आणि तूप. जेवताना हाताला काय सोपं पडतं यावर ही डावी-उजवी बेतली आहे, आणि फोटोतही ती चोख बसते: डावीकडे छोटे तिखट-आंबट ठिपके, उजवीकडे मोठे ओले ढीग. कॅमेऱ्यासाठी ही अदलाबदल केली तर जेवणारी माणसं लगेच ओळखतात. माझ्या आत्याने एका फोटोवर फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘पान उलटं मांडलंयस.’

वाढण्याचा क्रम मात्र बदला. कोरडं आधी, ओलं नंतर, पापड-कुरडई सर्वांत शेवटी. पातळ आमटी पानावर न घालता वाटीत. मूद वाटीला आतून तूप लावून पाडा, कडा शाबूत येतात.

महिनाभराचा सराव

पहिला आठवडा स्वयंपाक नाही. एक कांदा, एक टोमॅटो आणि एक वाटी. वाटीतला टोमॅटो तसाच ठेवून टेबलाभोवती फिरा आणि खिडकी घड्याळाच्या प्रत्येक आकड्यावर आणून एकेक फोटो काढा. कंटाळवाणं आहे, पण बाकी सगळं यावर उभं राहतं.

दुसऱ्या आठवड्यात एकच पदार्थ रोज, आणि तोही थांबणारा. श्रीखंड घ्या. चमच्याने दिलेला वळसा तासभर हलत नाही, चुका करायला भरपूर वेळ मिळतो. तिसऱ्या आठवड्यात पोहे. चौथ्यात मिसळ किंवा मोदक. रोज दहा फोटो काढा, एक ठेवा, नऊ पुसून टाका. एडिटिंग करताना आधी पांढरा रंग पांढरा आहे ना एवढं बघा. रंग भडक करायचा मोह हळदीच्या पदार्थात आवरा, पिवळा वाढवला की पोह्यांचा दाणा न् दाणा एकमेकांत विरघळतो.

या कामाचे पैसे मिळवायचे असतील तर बारा चांगले फोटो जमेपर्यंत कुणाकडे जाऊ नका, आणि जमल्यावर आधी एखाद्या स्टायलिस्टचा मदतनीस व्हा. तिथे बहुतेक वेळ कोथिंबीर निवडण्यात जातो. निवडा.

आणि एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणती खिडकी, पदार्थ किती मिनिटं टिकला. दोन पावसाळे झाले की ती वही कुठल्याही क्लासपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण त्यात तुमच्याच घरातला उजेड असतो. माझ्या वहीत श्रीखंडासमोर ‘आरामात’ लिहिलंय, मिसळीसमोर ‘फरसाण घालताना मोबाइल हातात हवा’, आणि पोह्यांसमोर लाल पेनाने दोनदा: ‘लिंबू फोटोनंतर.’